देवदूताला जे जमत नाही



आजचा विषय परका वाटेल, पण त्याचं एक टोक आपल्या गिरगावात आहे. १९१०च्या सुमारास, नाताळच्या दिवसांत, तिथल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लिहिलं की डोळ्यांपुढून ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनाला मात्र राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यातला एक तपशील सहसा सुटतो. त्या काळातल्या ख्रिस्तपटांत देवदूत हमखास असायचे. फ्रान्समध्ये गोमाँ कंपनीसाठी अॅलिस गी या दिग्दर्शिकेनं १९०६ साली काढलेल्या ख्रिस्तचरित्रातही ते आहेत. कॅमेरा थांबवायचा, नट आणून उभा करायचा, कॅमेरा पुन्हा फिरवायचा, की माणूस हवेतून प्रकट होतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं, की तो आरपार दिसतो. देवदूतांसाठी रुळलेल्या याच जातीच्या युक्त्या फाळक्यांनी पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’मध्ये आपल्या देवांच्या सेवेला लावल्या. आपल्या पडद्यावरचे देव आणि तिकडचे देवदूत असे एकमेकांचे नातलग आहेत.

तेव्हा देवदूत पडद्यावर आणणं हे सिनेमाला जवळजवळ जन्मापासूनच येत होतं. प्रश्न पुढचा होता. आणल्यावर त्याच्याकडून काय करून घ्यायचं? त्यानं सगळी संकटं निवारली, तर गोष्ट पाच मिनिटांत संपेल. काहीच केलं नाही, तर तो आलाच कशाला? चाळीसएक वर्षं चित्रपट पाहून आणि फिल्म सोसायट्यांमधून दाखवून माझं एक मत बनलं आहे, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. पडद्यावरच्या देवदूताला काय करता येत नाही, हे दिग्दर्शकानं किती विचारपूर्वक ठरवलं आहे, यावर तो चित्रपट मोठा की लहान ते ठरतं. आणि असे विचारपूर्वक घडवलेले देवदूत बहुतेक वेळा मरणाच्या मोठ्या फेऱ्यानंतर आलेले दिसतात.

पंखांचं आधी सांगून टाकतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात अब्राहामाच्या तंबूशी तीन पाहुणे येतात, ते साध्या माणसांसारखे. रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांतही देवदूत बिनपंखांचेच आहेत. पंख आले ते चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते चित्रकारांनी ग्रीक-रोमन विजयदेवतेकडून उचलले, असं कलेचे इतिहासकार मानतात. हे ध्यानात असू द्या. बर्लिनला पोचल्यावर लागेल.

पडद्यावर पंखांना खरा अर्थ दिला तो चॅप्लिननं. ‘द किड’, १९२१. चॅप्लिनच्या भटक्यानं वाढवलेल्या पोराला अनाथालयाच्या लोकांनी न्यायचा प्रयत्न केला, भटक्यानं त्याला सोडवलं, आणि मग रात्री पोर पुन्हा हरवलं. दमलेला भटक्या आपल्या बंद दाराच्या पायरीवर झोपतो आणि त्याला स्वर्गाचं स्वप्न पडतं. हा स्वर्ग म्हणजे तीच गल्ली आहे. तीच पडकी घरं, तोच बोळ, फक्त भिंतींवर फुलांच्या माळा. गल्लीतले सगळे पांढरे झगे आणि पंख लावून हिंडतात. दांडगा शेजारी उडतो, पोलीस उडतो, एक कुत्रंही उडतं. मग सैतान आत शिरतात, मत्सर जागा होतो, मारामारीत पिसं उडतात, पोलीस गोळी झाडतो आणि भटक्या त्याच पायरीवर कोसळतो. जाग येते ती पोलिसाच्या हिसक्यानं. चॅप्लिनचं बालपण लंडनच्या लँबेथ भागात गेलं होतं, त्यातला काही काळ तर अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये. त्याचं पहिलं मूल जुलै १९१९मध्ये जन्मल्यावर तीन दिवसांत गेलं, आणि त्या सुमारासच या चित्रपटाचं काम सुरू झालं. काही समीक्षक या स्वप्नाला गोष्टीत घुसडलेला तुकडा म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्याला स्वर्गाची कल्पना करायलाही आपल्या गल्लीपलीकडचं काही सुचत नाही, अशा माणसाचं ते स्वप्न आहे. तिथल्या देवदूतांना उडता येतं, पण भांडण टाळता येत नाही.

मुर्नाऊच्या ‘फाउस्ट’मध्ये १९२६ साली प्रचंड पंखांचा, प्रकाशानं झळाळणारा देवदूत सैतानाशी पैज लावतो. ते चित्र भव्य आहे, पण तो देवदूत लक्षात राहत नाही. लक्षात राहतो एमिल यानिंग्सचा सैतान, गावावर काळा झगा पसरणारा. ज्याला सगळं साधतं त्याच्याबद्दल प्रेक्षकाला काही वाटत नाही. यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता १९४६. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. त्या एका वर्षात अटलांटिकच्या दोन काठांवर दोन चित्रपट निघाले आणि दोहोंत वरून कुणीतरी माणसाला भेटायला येतं. युद्ध चालू असतानाच याची सुरुवात झाली होती. १९४१चा ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ हा चुकून वेळेआधी उचललेल्या जिवाची गोष्ट सांगणारा चित्रपट (आपल्याकडे १९६८ साली ‘झुक गया आसमान’ त्यावरूनच बेतला गेला), आणि १९४३चा ‘अ गाय नेम्ड जो’, ज्यात मेलेला वैमानिक नव्या वैमानिकाच्या पाठीशी उभा राहतो. घरोघरी तारा येत होत्या. तेव्हा गेलेला माणूस कुठेतरी आहे आणि वर हिशेब ठेवणारं कुणीतरी आहे, ही लोकांची गरज होती. तिला क्षुद्र समजू नये.

लंडनमध्ये मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीनं ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ काढला. जळत्या बाँबर विमानात पीटर कार्टर एकटा उरला आहे, पॅराशूट फाटलेलं आहे, आणि शेवटच्या काही मिनिटांत तो रेडिओवर जून नावाच्या अमेरिकन मुलीशी बोलतो. मग उडी मारतो. मरायला हवा होता, मरत नाही. कारण त्याला न्यायला आलेला दूत, फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकं उडालेला एक सरदार, इंग्लंडच्या धुक्यात त्याला शोधूच शकला नाही. देवदूत चुकतो, आणि त्या चुकीच्या वेळात माणूस प्रेमात पडतो. वरच्या लोकात आता खटला उभा राहतो.

वरचा तो लोक कसा दाखवला आहे ते पाहण्यासारखं आहे. १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’नं प्रेक्षकाला सवय लावली होती की रोजचं जग फिकट आणि स्वप्नाचं जग रंगीत. पॉवेल-प्रेसबर्गरनी ते उलटं केलं. पृथ्वी टेक्निकलरमध्ये, गुलाब लालभडक, जूनच्या ओठांचाही लाल रंग डोळ्यांत भरणारा. वरचा लोक बिनरंगी, मोत्यासारखा करडा, अफाट आणि अत्यंत टापटीप. तिथे मेलेले वैमानिक येतात, नोंदवहीत सही करतात, आणि सेलोफेनच्या पिशवीत घातलेले पंख त्यांना मिळतात. लष्करी भांडारातून नवा गणवेश मिळावा तसे. धुलाईहून आल्यासारखे ते पंख काखेत धरून पोरं पुढे जातात. विशी-बाविशीची पोरं. हसतात, इकडेतिकडे बघतात. त्यातली किती खरोखरच परत आली नव्हती हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नव्हतं. आणि तो फ्रेंच दूत खाली उतरून फुलांमध्ये उभा राहतो तेव्हा त्याच्या बोलण्यात जी खंत येते ती रंगांची आहे. वर रंग मिळत नाहीत. सगळी व्यवस्था आहे, न्याय आहे, सरकता जिना आहे, पण गुलाब नाही.

खटल्यातला एक भाग आपल्यासाठी मुद्दाम सांगतो. पीटरविरुद्ध बसवलेले पंच ब्रिटनशी जुना हिशेब असलेले निवडले आहेत. त्यात फ्रेंच आहे, बोअर आहे, आयरिश आहे, आणि एक हिंदी माणूसही आहे. १९४६ साली, ब्रिटिश माहिती खात्याच्या सूचनेवरून अमेरिकेशी मैत्री वाढावी म्हणून सुरू झालेल्या चित्रपटात साम्राज्याचा हिशेब स्वर्गाच्या न्यायालयात मांडला जातो, ही मला धाडसाची गोष्ट वाटते. शेवटी पुरावा म्हणून सादर होतो तो जूनचा एक अश्रू, गुलाबाच्या पाकळीवर टिपलेला. वरच्यांना तो स्वतःहून निर्माण करता येत नाही. खालून न्यावा लागतो.

अमेरिकेतला चित्रपट फ्रँक काप्राचा, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. मूळ गोष्ट फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाची. ती कुणी छापेना, तेव्हा त्यानं १९४३च्या नाताळात शुभेच्छापत्रासारखी स्वतःच छापून मित्रांना पाठवली. बेडफर्ड फॉल्स या छोट्या गावात जॉर्ज बेली लोकांना घरं बांधायला कर्ज देणारी छोटी पतसंस्था चालवतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या काकाच्या हातून संस्थेचे ८,००० डॉलर हरवतात. तुरुंग समोर दिसतो आणि जॉर्ज पुलावर जाऊन उभा राहतो, नदीत उडी घ्यायला. जॉर्ज झालेला जेम्स स्टुअर्ट नुकताच युद्धातून परतला होता, तिथे त्यानं स्वतः बाँबर विमानं उडवली होती. पुलावरचा त्याचा चेहरा मला तरी निव्वळ अभिनय वाटत नाही.

आता देवदूत. त्याचं नाव क्लॅरेन्स. दुसऱ्या वर्गातला, दोनशेहून अधिक वर्षं वाट पाहूनही पंख न मिळालेला, गोलमटोल, भाबडा म्हातारा. काप्रानं त्याला काय करायला लावलं? तो जॉर्जचा हात धरत नाही, आकाशवाणी करत नाही. तो जॉर्जच्या आधी स्वतःच नदीत उडी मारतो आणि मदतीसाठी ओरडतो. आणि जीव द्यायला आलेला जॉर्ज विचार न करता पाण्यात झेप घेऊन त्याला वाचवतो. देवदूतानं माणसाला वाचवलं ते असं, स्वतःला वाचवायला लावून. यापेक्षा चतुर आणि यापेक्षा प्रेमळ कल्पना देवदूतांच्या सबंध सिनेमात मला दिसलेली नाही. ज्याला आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय त्याला उपदेश करून काय होणार? त्याच्यापुढे बुडणारा माणूस आणून टाकायचा.

पुढचं दृश्य पुलाच्या चौकीतलं. दोघं ओलेचिंब, दोरीवर कपडे वाळत घातलेले. क्लॅरेन्स ज्या जुन्या पद्धतीच्या झोपायच्या सदऱ्यात बसला आहे तो त्याच्या बायकोनं वाढदिवसाला दिलेला होता आणि त्याच सदऱ्यात त्याला मरण आलं. तो हे सहज सांगून जातो. त्याच्याजवळ ‘टॉम सॉयर’ची प्रत आहे, तीही भिजली आहे. एवढीच त्याची चीजवस्तू. जॉर्ज जन्मलाच नसता तर जग कसं असतं हे तो पुढे दाखवतो, हा चमत्कार खराच. पण तिथेही तो फक्त दाखवतो. जॉर्जनं लहानपणी बर्फाळ पाण्यातून भावाला वाचवलं नसतं, तर त्या भावानं पुढे युद्धात सैनिकांनी भरलेलं जहाज वाचवलं नसतं. थडग्याचा दगड, त्यावर भावाचं नाव. क्लॅरेन्स तो दगड बदलू शकत नाही. हरवलेले ८,००० डॉलरही तो आणून देत नाही. ते गावकरी आणतात, टोपल्यांत आणि खिशांतून चुरगळलेल्या नोटा.

हा चित्रपट चालला नाही, खर्चही भरून निघाला नाही. पाच ऑस्कर नामांकनं होती, एकही मिळालं नाही. तांत्रिक गौरव मात्र मिळाला, तो नव्या प्रकारच्या कृत्रिम बर्फासाठी. त्याआधी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून वापरत, आणि त्यांचा पायाखाली इतका आवाज होई की संवाद नंतर भरावे लागत. १९७४ साली स्वामित्व हक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, दूरचित्रवाणी वाहिन्यांना तो फुकट दाखवता येऊ लागला, आणि त्यातून तो अमेरिकेच्या नाताळचा भाग झाला. क्लॅरेन्सला पंख मिळतात चित्रपटाच्या शेवटी, घंटेच्या आवाजातून. ते आपल्याला दिसत नाहीत, आणि काप्रानं ते दाखवले नाहीत याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मध्ये एक थांबा पाझोलिनीपाशी. १९६४चा ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’. दिग्दर्शक मार्क्सवादी, नास्तिक. चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. चित्रीकरण दक्षिण इटलीत, मातेरासारख्या दगडी, दरिद्री गावांत. तिथला देवदूत ही एक तरुण मुलगी आहे. साधा पांढरा पोशाख, वाऱ्यावर उडणारे केस, पंख नाहीत, प्रभा नाही, ट्रिक नाही. गरोदर मरियेला सोडून निघालेला योसेफ वाटेत डोकं टेकतो, डोळे उघडतो तर ती समोर उभी. ती बोलते आणि तिचं काम संपतं. पंधरा शतकांच्या चित्रकलेनं चढवलेला सगळा साज पाझोलिनीनं उतरवून ठेवला. अब्राहामाच्या तंबूशी आलेल्या पाहुण्यांपर्यंत तो मागे गेला.

आणि आता बर्लिन. विम वेंडर्सचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’, १९८७. जर्मन नावाचा अर्थ ‘बर्लिनवरचं आकाश’ असा होतो. वेंडर्स अमेरिकेत बरीच वर्षं काढून, ‘पॅरिस, टेक्सस’ करून मायदेशी परतला होता. शहर भिंतीनं चिरलेलं. त्या शहरात ठिकठिकाणी देवदूतांच्या आणि विजयदेवतांच्या मूर्ती, आणि वेंडर्सच्या वाचनात रिल्केच्या कविता. त्यातून दोन देवदूत जन्मले: डामिएल आणि कासिएल, ब्रुनो गांझ आणि ओटो झांडर. लांब ओव्हरकोट, केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर शांत उत्सुकता. सुरुवातीला पडक्या स्मृतिचर्चच्या मनोऱ्यावर डामिएलच्या पाठीवर क्षणभर पंख दिसतात आणि विरून जातात. त्यानंतर ते कोटातलेच. मोठ्यांना ते दिसत नाहीत, मुलांना दिसतात. तिअरगार्टनच्या मधोमध असलेल्या विजयस्तंभावर सोन्याचा मुलामा दिलेली पंखवाली विजयदेवता आहे, युद्धं जिंकल्याच्या अभिमानात उभी केलेली. वेंडर्सचा बिनपंखी देवदूत तिच्या खांद्यावर बसून खालचं शहर बघतो. जिच्याकडून पंख आले तिच्याच खांद्यावर बसलेला हा देवदूत कुठलाही विजय साजरा करत नाही. हरलेल्या शहरातल्या माणसांचं मनातलं बोलणं तो ऐकतो.

ऐकणं, पाहणं, नोंदवणं, शेजारी बसणं. बस्स. त्यांना एवढंच जमतं. सरकारी ग्रंथालयाचं दृश्य घ्या. हान्स शारूननं बांधलेली ती प्रशस्त इमारत, वाचणारी माणसं, आणि कॅमेरा त्यांच्यामधून सरकत असताना प्रत्येकाच्या मनातले शब्द कानी येतात. एकात एक मिसळून त्यांची गुणगुण होते, जवळजवळ प्रार्थनेसारखी. डामिएल टेबलावरची एक पेन्सिल उचलतो. त्याच्या हातात पेन्सिलीची आकृती येते, खरी पेन्सिल जागेवरच पडून राहते. ही तीच युक्ती आहे, एका फिल्मवर दोन चित्रं, ख्रिस्तपटांतल्या देवदूतांची आणि फाळक्यांच्या देवांची. ऐंशी वर्षांपूर्वी ती सामर्थ्य दाखवायला वापरली जाई. वेंडर्सनं तिच्यातून असमर्थता दाखवली. साधी पेन्सिल उचलता येत नाही.

त्यांची असमर्थता सर्वांत जास्त टोचते ती मरणापाशी. रस्त्यावर अपघातात एक मोटरसायकलस्वार पडला आहे. डामिएल मागून त्याचं डोकं धरतो आणि मनातल्या मनात गोष्टींची नावं घेऊ लागतो, जगातल्या साध्या, पाहिलेल्या गोष्टींची. हळूहळू त्या माणसाच्या मनातली घालमेल शांत होते आणि ती यादी तो स्वतःच पुढे म्हणू लागतो. डामिएलनं त्याला वाचवलं नाही. पण तो एकटा मेला नाही. दुसरीकडे एक तरुण उंच इमारतीच्या छपराच्या कडेला बसला आहे. कासिएल त्याच्या खांद्यावर डोकं टेकवतो. एवढं केलं की सहसा माणसाच्या मनाला उभारी येते, हे आपण आधी पाहिलेलं असतं. इथे येत नाही. तरुण उडी घेतो आणि कासिएलच्या तोंडून किंकाळी फुटते. बायकांपोरांनी भरलेल्या घरातही ज्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचला नाही अशी माणसं आपल्यातल्या अनेकांनी गमावलेली असतील. त्यांच्या जवळच्या माणसानं हे दृश्य पाहावं. खांद्यावर डोकं ठेवूनही ते पुरलं नाही, याचा दोष वेंडर्स कासिएलला देत नाही.

याच चित्रपटात एक म्हातारा कवी पॉट्सडामर प्लाट्झ शोधत हिंडतो. युद्धाआधी तो बर्लिनचा सर्वांत गजबजलेला चौक होता. चित्रपटाच्या वेळी तिथे गवत, चिखल आणि भिंत. म्हाताऱ्याला कॅफे आठवतो, लोक आठवतात, आणि सापडत काहीच नाही. दमून तो रानात कुणी टाकून दिलेल्या आरामखुर्चीवर बसतो. कासिएल सावलीसारखा बरोबर आहे. ही भूमिका करणारा कुर्ट बोइस बर्लिनचा ज्यू नट. लहानपणापासून रंगभूमीवर, हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडावा लागला, हॉलिवूडमध्ये ‘कासाब्लांका’तला खिसेकापू त्यानंच केला, १९५०मध्ये परत आला. म्हणजे तो चौक त्यानं खरोखर पाहिला होता आणि तो त्याच्याकडून खरोखर हिरावला गेला होता. देवदूत त्याला तो परत देऊ शकत नाही. पण त्याला आठवतं याला साक्षीदार आहे.

डामिएलला अखेर हे साक्षीदार राहणं पुरत नाही. त्याला वजन हवं आहे, अंदाज चुकायला हवा आहे, बोटं काळी करणारं वर्तमानपत्र हवं आहे. सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या मारिऑनवर त्याचा जीव जडतो. आणि एका थंड सकाळी टपरीवर कॉफी पिणारा पीटर फॉक, अमेरिकन नट पीटर फॉकच्याच भूमिकेत, हवेत हात पुढे करून न दिसणाऱ्या डामिएलला सांगतो की गारठ्यात हात एकमेकांवर चोळण्यात काय सुख आहे. फॉक पूर्वी देवदूतच होता, हे नंतर कळतं. देवदूतांच्या डोळ्यांनी दिसणारं जग कृष्णधवल आहे, माणसांचं रंगीत. भिंतीच्या मधल्या पट्ट्यात डामिएलच्या पावलांचे ठसे उमटतात आणि रंग येतो. त्याचं चिलखत वरून डोक्यात पडतं, रक्त येतं, तो ते चाखून बघतो, आणि वाटसरूला भिंतीवरच्या चित्रांतल्या रंगांची नावं विचारतो. एकेक नाव ऐकताना गांझच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहा. एकेचाळीस वर्षांपूर्वी पॉवेल-प्रेसबर्गरच्या दूतानं जी खंत बोलून दाखवली होती तिला डामिएलनं उत्तर दिलं: तो खाली राहिला. याच ब्रुनो गांझनं २००४ साली ‘डाउनफॉल’मध्ये बर्लिनच्याच बंकरमधला हिटलर उभा केला. ते दोन चेहरे एका माणसाचे आहेत, हे मी अजूनही पचवतो आहे.

हॉलिवूडनं १९९८ साली याचा ‘सिटी ऑफ एंजल्स’ केला. समुद्रकाठी पहाटे काळ्या कोटांतले देवदूत सूर्योदय ऐकायला उभे राहतात, ते दृश्य सुंदर आहे. पण शहर गेलं, इतिहास गेला, उरली प्रेमकथा. त्याच दशकात बिअर पिणारा, ढेरी सुटलेला देवदूत आला, माणसांवर चिडलेले लढवय्ये देवदूत आले. बळ वाढलं, आणि माझा रस तितकाच कमी झाला. त्या मानानं टोनी कुशनरच्या नाटकावरून माइक निकोल्सनं २००३ साली दूरचित्रवाणीसाठी केलेली ‘एंजल्स इन अमेरिका’ फार वरची. एड्सनं माणसं मरत असताना छप्पर फोडून देवदूत येतो आणि माणसांनी आता पुढे सरकायचं थांबवावं असा हुकूम देतो. प्रायर नावाचा आजारी माणूस स्वर्गात जाऊन तो हुकूम परत करतो. त्याला दुखणं असलेलं, रोगट, पण आणखी आयुष्य हवं आहे.

हे ऐकताना मला दर वेळी आपली जिजाई आठवते. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६, दामले-फत्तेलाल. तुकोबांना न्यायला वैकुंठाचं विमान येतं, आणि ट्रिक म्हणून ते त्या काळाच्या मानानं उत्तमच आहे. पण चित्रपट ज्याच्यावर उभा आहे ते घर, पोरं, म्हैस, चूल आणि त्या सगळ्यासाठी विठोबाशीही भांडणारी, गौरी या नटीनं साकारलेली तुकोबांची बायको जिजाई, जी विमानात बसत नाही. डामिएलला जे हवं होतं ते तिच्या ओट्यावर रोज होतं. व्हेनिसमध्ये १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला. बर्लिनच्या देवदूतांशेजारी तो दाखवून पाहावा. मला खात्री आहे की दोन्ही चित्रपट एकमेकांशी बोलतील.

शेवटी एक काम सांगतो. ‘विंग्ज ऑफ डिझायर’चं छायाचित्रण ऑंरी आलेकान या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराचं आहे. कॉक्तोचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ही त्याचाच, योगायोगानं १९४६चाच. देवदूतांची मऊ, रेशमी करडी दृष्टी त्यानं भिंगापुढे एक जुना रेशमी पायमोजा ताणून मिळवली. तो पायमोजा त्याच्या आजीचा होता. पण कृष्णधवल आणि रंगीत भाग एकत्र जोडण्यासाठी प्रतींवरून प्रती काढत त्या रंगीत फिल्मवर छापाव्या लागल्या, त्यामुळे आलेकाननं टिपलेला कृष्णधवल थिएटरांत कुणाला जसाच्या तसा दिसलाच नव्हता. वेंडर्स यांच्या प्रतिष्ठाननं मूळ निगेटिव्हपासून चित्रपट फोर-के स्वरूपात नव्यानं तयार केला आणि २०१८च्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला. आपल्या गावात, महाविद्यालयात फिल्म सोसायटी असेल तर तिच्या मागे लागा आणि हीच प्रत मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात दाखवायला सांगा. फोनवर तो करडा रंग उमटत नाही. आणि चित्रपट संपल्याबरोबर दिवे लावू देऊ नका. शेवटी वेंडर्सनं हे काम पूर्वाश्रमीच्या देवदूतांना अर्पण केलं आहे, आणि त्यात तीन दिग्दर्शकांना खास: ओझू, त्रुफो आणि तार्कोव्हस्की. पुढचे तीन कार्यक्रम त्या तिघांच्या चित्रपटांचे ठेवा.